माझ्या नावावरचं तिचं काम

आमच्या स्वयंसेवी तंत्रज्ञान गटात माझ्या नावावर जे काम जमा आहे, त्यातल्या ज्या कामाचं सगळे कौतुक करतात ते मी केलेलं नाही. ते माझ्या बायकोने केलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. कोणी विचारलंच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. मला विचारलं होतं.

गटाचं काम साधं आहे. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कजवळच्या एका शाळेचा वर्ग रविवारी दुपारी मोकळा मिळतो. तिथे मुलंमुली लॅपटॉप घेऊन बसतात आणि ज्या संस्थांना पैसे देऊन सॉफ्टवेअर करून घेणं परवडत नाही, त्यांना ते फुकट लिहून देतात. बहुतेक जण कॉलेजातले, नाहीतर नुकते नोकरीला लागलेले. मी त्यांच्यात सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यांचा काका. मी एका कंपनीत लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सुरू करून देतो. तिथे नवीन शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. रविवारी घरात चिडचिड करत बसण्यापेक्षा बरं, म्हणून जायला लागलो.

खरी गरज बायकोला होती. लग्नाच्या वेळी ती अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्रामर होती आणि माझ्यापेक्षा हुशार होती, हे तेव्हा आमच्या दोन्ही घरांत उघडपणे बोललं जायचं. मग मुलगी झाली. मग माझ्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं. नोकरी सुटली ती सुटलीच. मुलगी कॉलेजात गेल्यावर तिने परत अर्ज करायला सुरुवात केली, तर सगळीकडून एकच प्रश्न यायचा: मधल्या काळात काय केलंत ते दाखवा. आईला उठवणं-बसवणं, व्यायाम करून घेणं, दवाखान्यात नेऊन आणणं, हे कुठे दाखवणार?

गटात केलेलं काम मात्र दाखवता येतं. कोणी काय लिहिलं ते तिथे नावानिशी राहतं आणि जगात कोणालाही उघडून बघता येतं. हे मीच तिला सांगितलं. म्हणालो, "तू पण कर की. घरबसल्या होतं."

तिचे डोळे चमकले होते. ते मला नीट आठवतं, आणि आठवायला नको असतं.

"मग माझं वेगळं अकाउंट काढू ना?" तिने विचारलं.

"कशाला दोन-दोन? लॅपटॉपवर माझं चालूच आहे, त्यावरूनच पाठव. घरचंच तर आहे."

आमच्या घरात गॅस माझ्या नावावर आहे, वीजबिल माझ्या नावावर आहे, पूनम सागर सोसायटीतला फ्लॅट माझ्या नावावर आहे. त्यात आणखी एक. त्या वेळी माझ्या मनात काही वाईट नव्हतं. आळस होता, आणि सवय होती. पण पुढे जे झालं, त्याला सवय म्हणता येणार नाही.

त्या सुमारास गट घोडबंदरच्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी नंबर लावण्याचं ॲप करत होता. पेशंटचा नंबर आला की भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसायचा. अडचण अशी की आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या सकाळपासून येऊन बसायच्या, कंटाळून चहाला किंवा बाथरूमला उठायच्या, आणि नेमका तेव्हाच नंबर पुकारला जायचा. ॲप त्यांना सरळ रांगेच्या शेवटी टाकायचं. मग भांडणं. "मी सकालपासून हितंच हाय, माझा नंबर गेलाच कसा?" असं एक आजी स्क्रीनकडे बघून बोलत होती. पोरांना काही सुचत नव्हतं.

मी घरी हे गमतीने सांगितलं. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, आई झोपल्यावर, ती लॅपटॉप घेऊन बसली. त्या आठवड्यात रोजच बसत होती. शेवटी तिने असं केलं की ज्याचा नंबर हुकला, तो परत आला की दोन पेशंट सोडून आत जाईल. कोणाला शेवटी ढकलायचं नाही, कोणाला मध्ये घुसवायचं नाही. दवाखान्यात ते लावलं आणि भांडणं थांबली.

पुढच्या रविवारी गटाची संयोजक, आमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी मुलगी, माझ्याजवळ आली. "काका, हे तुम्ही लिहिलंत? सॉलिड आहे एकदम."

"हो, म्हणजे... घरी बसून केलं," मी म्हणालो.

एवढंच. 'बायकोने केलं' म्हणायला याहून जास्त वेळ लागला नसता. पण ती पोरं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं माझ्याकडे ऑफिसात कधी कोणी बघितलं नव्हतं. मला ती नजर थोडा वेळ हवी होती. घरी जाऊन तिला सांगितलं की सगळ्यांना आवडलं. कोणाचं म्हणून आवडलं, ते सांगितलं नाही.

मग वसई आणि ठाण्याच्या गटांबरोबर एक मोठी बैठक ठरली आणि त्या कामाबद्दल बोलायला मला उभं केलं. बायको म्हणाली, "मी पण येते." मी नाही कसं म्हणणार? ती शेवटच्या रांगेत बसली. मी तासभर आधी तिच्याकडूनच सगळं समजून घेतलं होतं आणि बरंच नीट सांगितलं. बोलताना मी 'आम्ही' म्हणत होतो. ऐकणाऱ्यांना तो गट वाटत असणार.

शेवटी वसईच्या एका मुलाने विचारलं, "सर, दोनच पेशंट का सोडले? एक का नाही, तीन का नाही?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आम्ही बरंच टेस्टिंग केलं. दोनला रिझल्ट बेस्ट आला."

टाळ्या वाजल्या. तिने मान खाली घातली होती.

परत येताना रिक्षात ती कडेला सरकून बसली. मग बाहेर बघत म्हणाली, "एक पेशंट आत असतो आणि पुढचा दाराशी उभा असतो. उभ्या राहिलेल्या माणसाला परत खाली बसवता येत नाही. म्हणून दोन."

"ऐनवेळी सुचलं नाही गं मला."

"तुम्हाला सुचायचं नव्हतंच. मला विचारायचं होतं. मी तिथेच बसले होते."

तेव्हाही वेळ होती. मी रिक्षावाल्याला "भैया, आगे से लेफ्ट" म्हणालो.

नंतर गटाने मला मार्गदर्शक केलं. त्याच सुमारास, संसारासाठी नोकरी सोडलेल्या बायकांना परत घेणाऱ्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी काम दाखवायला सांगितलं. तिने लिंक दिली. ती उघडली तर प्रत्येक ओळीवर माझं नाव.

हे तिने मला गवार मोडता मोडता सांगितलं. "ते म्हणाले, मॅडम, हे तर तुमच्या मिस्टरांचं आहे."

"मी त्यांना मेल करतो ना. सगळं स्पष्ट लिहितो."

"म्हणजे नवऱ्याची चिठ्ठी घेऊन जाऊ नोकरी मागायला?"

मी मेल केली नाही. तिने नको म्हटलं म्हणून, असं मी धरून चाललो. त्यानंतर तिने लॅपटॉपला हात लावला नाही. अर्ज करणंही बंद झालं. बिल्डिंगमधल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागली. आमच्यात भांडण झालं नाही, हेच वाईट. जेवायला वाढायची, आईचं औषध विचारायची, माझ्या शर्टाची तुटलेली बटणं लावायची. पण दिवसभरात काय घडलं ते मला सांगायची थांबली. "आज विशेष काही?" मी विचारलं की म्हणायची, "नाही, काही नाही." घरात मनातलं बोलायला एकच माणूस असावं आणि त्यानेच आपल्याशी बोलणं टाकावं, हे मी स्वतःच्या हाताने करून घेतलं होतं.

मागच्या महिन्यात गटात नवीन लोक आले. अशा गटाचा पूर्ण फायदा कसा करून घ्यायचा, हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी नेहमीचं सांगितलं. लहान कामापासून सुरुवात करा. अडलं तर लगेच विचारा, लाजू नका. दर रविवारी या, कारण माणसं ओळखीची झाली की काम आपोआप शिकता येतं. तेवढ्यात मागे बसलेल्या, माझ्या बायकोच्या वयाच्या एका बाईंनी हात वर केला. "लॅपटॉप आमच्या मिस्टरांचा आहे. त्यांच्याच अकाउंटवरून काम पाठवलं तर चालेल ना?"

मग मी म्हणालो, "नका करू. तुमचं वेगळं काढा, आत्ता, इथेच," आणि मग का ते सांगितलं. सगळं सांगितलं. ॲप कोणाचं, दोन पेशंट कशासाठी, टाळ्या कोणी घेतल्या, नोकरी कोणाची गेली.

संयोजक मुलगी बाहेर पायऱ्यांवर माझ्यामागे आली. मी तिला विचारलं, जुन्या कामावरचं नाव बदलता येईल का. ती म्हणाली, जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, पण आजपासून ॲपच्या पानावर काकूंचं नाव पहिलं टाकता येईल. मग म्हणाली, "काका, पण हे तुम्ही आम्हाला सांगितलंत. काकूंना काय म्हणालात?"

माझं चुकलं, एवढंही मी तिला म्हणालो नव्हतो. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

घरी पोचलो तेव्हा शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती आणि ती सतरंजी गोळा करत होती. मी दुसरं टोक धरलं. तिला सांगितलं की आज गटात सगळं खरं सांगून आलो, आता तुझं नाव लागेल.

ती सतरंजीची घडी घालत राहिली. "आधी तिथे सांगितलंत?"

"हो."

"आणि आता नाव लागून मी काय करू?"

या वेळी मी उत्तर बनवलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, तेही चुकलं. तुझं काम मी माझं म्हणून मिरवलं. चुकून नाही, कळत असताना. गटाच्या त्या संयोजक पोरीने मला सरळ विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली आणि ती मला परत आणून देता येत नाही. तू मला माफ कर, असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. मी तुझी माफी मागतो."