आईनं काढलेली मॅच

मेडशीत कुणाच्या घरी रडारड झाली की भावकीतल्या वडीलधाऱ्यांच्याही आधी गिरणीवाली वैजयंती तिथं पोचलेली असायची. वडीलधारी माणसं काय करायचं ते बघत आणि वैजयंती रडत असे. लग्नात पोरगी सासरी निघाली की तिच्या आईआधी हिचा पदर डोळ्याला. शेजारणीची म्हैस दगावली तेव्हा शेजारीण दुपारपर्यंत सावरली, ही संध्याकाळपर्यंत नाक ओढत होती. एकदा तर एसटीत माहेराहून परतणारी एक अनोळखी बाई रडताना दिसली, तर हिनं तिच्या गळ्यात हात टाकून मालेगावपर्यंत तिला साथ दिली आणि उतरताना विचारलं, "बाई, झालं तरी काय होतं?"

नवरा जगदेव शेताकडे बघायचा, गिरणी हिच्याकडे. "आपल्या गिरणीत पीठ कमी अन् पानी जास्त," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि चारचौघं हसायची. वैजयंतीला त्याचं काही वाटत नसे. तिचं एकच म्हणणं होतं, आणि दळण टाकायला येणाऱ्या प्रत्येकीनं ते ऐकलेलं होतं. माणसाची जीभ खोटं बोलते, डोळ्यातलं पाणी खोटं बोलत नाही.

अशा बाईच्या पोटी वैभवी जन्माला आली. पोरगी काटक, तोंडानं फटकळ, आणि लहानपणापासून पडली तरी धूळ झटकून उठणारी. बारावीला गेली तोवर अमरदीप सरांच्या कबड्डी संघात तिच्यासारखी चढाई करणारी दुसरी नव्हती. गावात तिच्या नावाचा फलक लागला तेव्हा वैजयंती त्या फलकाखाली उभी राहून रडली. पण सामना बघायला मात्र ती कधी गेली नाही. चार जणी मिळून आपल्या लेकीला ओढताहेत हे आपल्याच्यानं बघवणार नाही, असं ती म्हणायची.

शेवटी या संक्रांतीनंतर मालेगावला अंतिम सामना होता, तेव्हा वैभवीनंच तिला हट्टानं नेलं. समोर मंगरूळपीरच्या मुली होत्या. त्यांच्या कोपऱ्यात कौसर नावाची एक बारीक, शांत मुलगी उभी असायची. चढाई करणारीचा पाय एकदा तिच्या हाती लागला की सुटत नसे. सामना अगदी शेवटाला आला होता आणि मेडशी मागे होती. वैभवी चढाईला गेली, कौसरनं वाकून तिचा घोटा धरला, आणि पोरगी पडली.

ती पडली आणि तिनं जी किंकाळी फोडली, तिनं मैदान गप्प झालं. "आई गं! गुडघा! माहा गुडघा!"

वैजयंती धावत सुटली. चपला कुठं सुटल्या, पदर कुठं गेला, तिला भान राहिलं नाही. दोरी ओलांडून ती थेट मैदानात शिरली, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि धाय मोकलून रडायला लागली. तिथंच, सगळ्यांसमोर, तिनं नवस बोलला. "मंगरूळच्या बाबा, मह्या लेकीचा गुडघा शाबूत ठेव. ती पुन्हा खेळेपर्यंत मी पायात चप्पल घालनार नाई. मंग तुह्या दर्ग्यावर येऊन हिरवी चादर चढवीन."

कौसर बाजूला उभी राहून पुन्हा पुन्हा सांगत होती, "मावशी, मी घोटा धरला होता. गुडघ्याले मी हातबी नाई लावला." चोराच्या उलट्या बोंबा, असं कुणीतरी मागून म्हणालं. वैजयंतीनं वर बघितलं. आयुष्यात कुणाला वाकडं न बोललेली ती बाई, पण त्या क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं. "तुह्या आईच्या डोळ्यादेखत तुहाबी पाय असाच मोडंन, पाह्यजो."

पंच आतापर्यंत घुटमळत होते. त्यांनी त्या माउलीकडे बघितलं, खिशातून कार्ड काढलं आणि गुडघा मुरगळला म्हणून कौसरला बाहेर बसवलं. पकड रद्द झाली. शेवटी मेडशीच्या मुलींनी सामना खेचून आणला आणि जिंकला. पुढच्या मोठ्या संघात वैभवीची निवड झाली, कौसरची झाली नाही.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला, तर त्यात काहीच निघालं नाही. थोडा आराम द्या, म्हणाले. दुसऱ्या बाईनं चार प्रश्न विचारले असते. वैजयंतीनं दवाखान्यातच मंगरूळच्या दिशेनं हात जोडले. फोटोत काही निघालं नाही याचा अर्थ बाबा नवसाला पावला, एवढं साधं गणित होतं तिचं.

तेव्हापासून ती अनवाणी राहिली. गिरणीत पायाखाली गव्हातले खडे, बाहेर सडकेची गिट्टी. फाल्गुन सरला आणि ऊन चढलं, तशी टाचांना चिरा पडल्या, तळव्याला फोड आले. दळणाला आलेल्या रुखमाबाईनं एकदा मेण आणून दिलं. वैभवी मात्र रोज एकच धोशा लावायची. "आई, चप्पल घाल ना वं. बरा झाला माहा पाय. कायले जीव जाळून राह्यली?" कधीकधी तिच्या डोळ्यात पाणीही यायचं. वैजयंती ते बायांना कौतुकानं सांगायची. आजकालच्या पोरी आईच्या पायाकडे बघतात तरी का? माझी पोरगी माझ्या पायातले फोड बघून रडते.

चैत्रात कारंज्याला सामने लागले. वैभवी पुन्हा खेळणार म्हणजे नवस फिटणार, म्हणून वैजयंती पिशवीत हिरवी चादर घेऊनच निघाली. सामना दुपारचा होता. तिनं सावलीतली खुर्ची नाकारली आणि अगदी दोरीजवळ जाऊन बसली. पोरगी धावताना बघून तिचे डोळे भरून येत होते. गुडघा छान वळत होता.

मग वैभवीला समोरच्यांनी धरलं, आणि ती पडली.

"आई गं! गुडघा! माहा गुडघा!"

तेच शब्द, तोच सूर, तसाच शेवटी फाटलेला आवाज. वैजयंती उठली, दोरीखालून शिरली, तापलेल्या मातीवरून धावत सुटली. पोरगी कुशीवर वळून गुडघा पोटाशी धरून तळमळत होती. तिचं तोंड आईकडे होतं. गालावरून पाणी ओघळत होतं. आणि आई चार हातांवर आली तेव्हा त्या रडणाऱ्या तोंडातला उजवा डोळा हळूच मिटला आणि उघडला. मानेनं बारीक खूण झाली. काही नाही, जा, बस तिथंच.

वैजयंतीचा उचललेला पाय खाली टेकेना.

तिला आधी वाटलं की आपल्यालाच भास झाला. उन्हाचं होतं असं. तिनं पुन्हा बघितलं. पोरगी आता पंचांकडे तोंड करून हुंदके देत होती, आणि हुंदके इतके खरे होते की शेजारची एक बाई पदरानं डोळे टिपायला लागली. कुणीतरी वैजयंतीच्या खांद्याला धरून म्हणालं, "घाबरू नका मावशी, होईल बरं." तिनं मान हलवली. पंचांनी समोरच्या संघातल्या एका मुलीला बाहेर काढलं. ती मुलगी हात जोडून काहीतरी सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. वैजयंतीला पायाखाली चटका बसत होता, तरी ती तिथून हलली नाही. एका स्वयंसेवकानं तिला हाताला धरून बाहेर आणून बसवलं.

थोड्या वेळानं वैभवी लंगडत उठली, पुढच्या चढाईला लंगडणं विसरली, आणि सामना जिंकून मैत्रिणींच्या खांद्यावर चढून नाचली. वैजयंती बघत होती. आपल्या पोटची पोर असं रडू शकते, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. माणूस चोरी करतो, लबाडी करतो, हे तिला माहीत होतं. पण डोळ्यातलं पाणी असं नळ सोडल्यासारखं सोडता येतं, आणि तेही आईच्या डोळ्यात बघत? 

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. पुढच्या बाकांवर बाकीच्या मुली गात होत्या. वैभवी कुरमुरे खात होती.

"आई, आता तरी चप्पल घाल. फिटला तुहा नवस."

"त्या दिवशीबी?" वैजयंतीनं विचारलं.

"काय त्या दिवशी?"

"मालेगावले. तवाबी असंच होतं काय?"

वैभवीचा हात पुडीत थांबला. मग ती हळू आवाजात, पण न लाजता बोलायला लागली. "आई, सगळ्याच करतात. सर शिकवतात आम्हाले. पंचाले दिसलं पाह्यजे म्हनतात, नाईतर तो देतच नाई. समोरच्या पोरीबी करतात. खेळच हाये तो."

"मंग मी तीन महिने उन्हात अनवाणी फिरून राह्यली, ते?"

"तुले रोज तर म्हनत होती चप्पल घाल म्हून. तूच ऐकत नव्हती." आणि मग, आईला बरं वाटावं म्हणून, तिनं ते सांगितलं. "तुले सांगू का? त्या दिवशी पंच देतच नव्हता. त्याले शंका आली होती. तू रडत आली तवाच त्यानं कार्ड काढलं. सर आजबी म्हनतात, तुह्या आईनं काढली मॅच."

वैजयंतीनं खिडकीची दांडी धरली. तोंडात कुणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिचं पाणी तर खरं होतं. त्या दिवशी मैदानावर तेवढंच एक खरं होतं, आणि नेमकं तेच लबाडीच्या कामाला आलं. आणि मग तिला ते दुसरं आठवलं, जे इतके दिवस आठवलंच नव्हतं. नवस पायाला टोचत होता म्हणून रोज ध्यानात राहिला. शाप दुसऱ्याच्या पोरीच्या वाट्याचा होता, तो ती विसरून गेली होती.

मंगरूळपीरच्या स्टँडवर गाडी थांबली. "उतर," ती म्हणाली.

"आपल्याले मेडशीले जायचं हाये ना? दर्ग्यावर मंग येऊ ना..."

"उतर म्हटलं ना."

अमरदीप सर पुढून मान वळवून बघायला लागले. वैजयंतीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. लेकीचं मनगट धरून ती खाली उतरली. दर्ग्याच्या रस्त्याला लागल्यावर वैभवीला वाटलं, चादर चढवायची असणार. पण आई दर्ग्याच्या आधीच थांबली आणि एका दुकानात विचारायला लागली, कबड्डी खेळणारी कौसर कुठं राहते.

कौसरचे वडील युसूफभाई गादीवाले होते. दुकानात कापूस पिंजून पडलेला, मागं घर. "खेळायची आधी," ते सुई न थांबवता म्हणाले. "आता नाई खेळत."

त्यांची बायको हलिमा आतून बाहेर आली आणि वैजयंतीला बघून उंबऱ्यातच थबकली. तिनं ओळखलं. ती मालेगावला होती त्या दिवशी. मागच्या रांगेत.

"तुमीच ना बाई, त्या दिवशी तसं बोलल्या होत्या?" हलिमाच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "मी तिले आता पायऱ्याबी धावत उतरू देत नाई. सायकल इकून टाकली. लोकं म्हनतात, असं काई नसते. पण आईच्या तोंडची बद्दुआ हाये, तीबी रडत्या आईच्या. लागते ती. माहा विश्वास हाये."

 वैजयंतीचाही विश्वास होता. लेकीचा गुडघा नवसानं बरा झाला, असं मानणारी बाई, आपल्या तोंडचा शाप लागणार नाही असं कोणत्या तोंडानं सांगणार? एकाच श्वासात तिनं दोन्ही मागितलं होतं. एका खोट्या गुडघ्यासाठी एका खऱ्या पोरीचं खेळणं गेलं होतं. तिनं वाकून हलिमाचे पाय धरायला हात पुढे केले, तर हलिमा घाबरून मागे सरली आणि तिचं लक्ष वैजयंतीच्या पायांकडे गेलं. फुटलेल्या टाचा, काळे पडलेले फोड.

"हे काय करून घेतलं बाई?"

"माहा शब्द मी वापस घेते. त्या पोरीचा काहीच गुन्हा नव्हता," वैजयंती म्हणाली. "कोनाचा गुन्हा होता, ते माही लेक सांगन." आणि तिनं वैभवीला पुढं केलं.

दाराशी कौसर येऊन उभी राहिली होती. हाताची घडी, तीच शांत नजर. मैदानात चढाईची वाट बघताना ती अशीच उभी असायची.

वैभवी एरवी कुणाला हार न जाणारी.  पण आता ती अडखळत बोलली. गुडघ्याला काही झालंच नव्हतं. कौसरनं घोटाच धरला होता. आपल्याला सगळं माहीत होतं आणि आई अनवाणी फिरत होती तरी आपण बोललो नाही. बोलता बोलता तिचा आवाज फाटला, खांदे हलायला लागले, आणि ती तिथंच कापसाच्या ढिगाशी खाली बसून रडायला लागली. "आई गं," ती म्हणाली. "आई गं."

हलिमाला ते बघवलं नाही. तिनं खाली बसून पोरीला जवळ घेतलं, ओढणीनं तिचं तोंड पुसलं. "रडू नोको बेटा. बोलली ना तू, झालं मंग." युसूफभाईंनीही सुई बाजूला ठेवली आणि दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसला.

कौसर मात्र जागची हलली नाही. ती वैभवीच्या तोंडाकडे बघत होती.

वैजयंतीही तिकडेच बघत होती. आपली एकुलती एक लेक हुंदके देते आहे आणि आपण कोरड्या डोळ्यांनी उभ्या आहोत, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आवाज तोच होता. शब्द तेच होते. हे रडणं खरं असेल, बहुतेक खरंच असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण डोळ्यात पाणी येईना. ती पोरीच्या उजव्या डोळ्याकडे बघत राहिली.