जाऊबाईंनी घासलेली माडी

बोरी अरब गावावरून फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. मंदाबाई, माझ्या थोरल्या जाऊ, भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. सकाळी चहा घेता घेता बसल्या जागीच गेल्या... फोन ठेवला आणि रडायच्या आधी मी जिना चढून त्यांच्या माडीला कुलूप घातलं. शेजारणी म्हणाल्या, शोभाला धक्का बसला. बसला होताच, पण डोकं ठिकाणावर होतं. आमच्या यांचा त्या माडीवर कधीपासून डोळा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

घाटंजीतल्या आमच्या घराच्या माडीची जमीन सागवानी फळ्यांची. सासूबाई तीही दर सणाला शेणामातीनं सारवायच्या, त्यामुळे खाली सागवान आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. माझे भासरे, म्हणजे मंदाबाईंचे यजमान, गेले. वर्षश्राद्ध आटोपलं आणि घरात ठरलं की मंदाबाईंनी खालच्या मागल्या खोलीत यावं, माडीच्या फळ्या काढून स्लॅब टाकावा. ठरलं म्हणजे यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली. मंदाबाईंनी डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी निंदणाचं खुरपं घेऊन त्या वर गेल्या आणि सारवणाचे पापुद्रे खरवडायला बसल्या. तेव्हा साठी ओलांडली होती त्यांची. पुढं महिनाभर लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून फळी न् फळी घासली. भुवयांवर भुसा घेऊन जेवायला खाली यायच्या आणि मीठ मागण्यापलीकडे काही बोलायच्या नाहीत.

मग झाली ती फजिती. लाकडाला जवसाचं तेल लावतात एवढं त्यांना माहीत होतं. आमच्याकडे जवसाचं तेल म्हणजे ठेच्यावर ओतायचं, आणि ओतताना हात आखडायचा नाही. त्यांनी घाण्याचं तेल तसंच सढळ हातानं जमिनीला पाजलं. दिवस कापसाचे, घरासमोरून बाजारात जाणाऱ्या गाड्यांची रीघ, आणि खिडक्या सताड उघड्या. चार दिवसांत त्या चिकट तेलावर कापूस बसला आणि अख्खी खोली मेंढरासारखी केसाळ झाली. गल्ली बघायला आली. मीही पोट धरून हसले, आणि वर शहाणपणानं म्हटलं, जाऊबाई, आता तरी स्लॅबचं ऐका. त्या शांतपणे म्हणाल्या, "हसून घे, शोभे. हसणं झालं की बाजारातून पॉलिश पेपर आणजो." सगळं पुन्हा खरवडलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराला विचारलं, तो म्हणाला की लाकूड घोट घोट पितं, पातळ लावा, लगेच पुसून काढा, आणि तेही ऊन तापल्यावरच. वैशाखाच्या उन्हात त्यांनी तीन हात दिले. त्या जमिनीवर पाय ठेवला की गार वाटायचं, आणि रंग टेंभुरणाच्या पिकल्या फळासारखा, पिवळसर तांबूस.

तरीही हे गवंडी घेऊन आलेच. मोजमापाचा टेप उलगडला तेव्हा मंदाबाई दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, चूल तुमच्याकडं गेली, वावराचं तुम्ही पाह्यता, मी काई बोलली नाई. हे जमीन माह्या हातानं वर काढली. हे देत नसते मी." गवंडी टेप गुंडाळून गेला. मी जिन्यात त्याच्यासाठी आणलेला चहा घेऊन उभी होते... एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती इथं लिहायला मात्र मला लाज वाटत नाही.

मंदाबाईंची तेरवी झाली. आठवडा गेला नाही तोच यांनी पुन्हा स्लॅबचा विषय काढला. मी गादी उचलली, कुलूप काढलं आणि वर राहायला गेले. खालून विचारणा झाली, तू कायले वर चढून राह्यली? मी म्हटलं, "जाऊबाई होत्या तवा मी तोंड उघडलं नाई. आता गवंडी आणा, पण आधी मले खाली उतरवून दाखवा." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी गादीला जागा करायची होती, भिंतीलगतचं मोठं लोखंडी कपाट मला एकटीला हलेना, तेव्हा मीच हाक मारली. हे आले, एक बाजू धरली. कपाट सरकलं आणि खाली दिसला काळा, सारवणाच्या खपल्या धरलेला पट्टा. बाकीची सगळी खोली लखलखीत आणि तेवढाच तुकडा तसाच राहिलेला. कपाट मंदाबाईंना एकटीला सरकलं नव्हतं.

यांनी वाकून एक खपली नखानं उचकटून पाहिली. मग म्हणाले, "वहिनीनं हाक माराले पाह्यजे होती."

"मारली असती तर आलो असतो का आपण?"

हे जिना उतरून खाली गेले. स्लॅबचं नावही त्यानंतर निघालेलं नाही, आणि निघालं तरी मी इथून हलणार नाही. कपाट अजून खोलीच्या मधोमध उभं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होते, होऊ दे. पट्टा दोन हात रुंद आहे. रोज जेवणं आटोपली की मी तिथं घासायला बसते.