अकरा जणींचं खातं

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना इन्स्टाग्रामवर माझी दोन खाती होती. एकावरचे फोटो कुणीही बघावेत, मला काही वाटायचं नाही. दुसरं बिननावाचं, फक्त अकरा मैत्रिणींसाठी. अनोळखी लोकांची मला भीती नव्हती. लपवायचं होतं ते धानोऱ्याच्या माझ्या घरापासून.

एका शुक्रवारी मी तिथे लिहिलं, ‘रविवारी मला बघायला येतायत. मला कुणी विचारलंच नाही.’

शनिवारी सकाळी नंदुरबारच्या होस्टेलवर आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला.

“तू जे लिखेल शे, ते मी दखं. घर ये.”

एवढंच. माझी पोस्ट त्यांनी पाहिली होती. अकरांतली कुणीतरी फुटली होती. संशय आला तो त्यांतल्याच रूममेटचा. ती तोरणमाळची, घरी पावरी बोलणारी. आम्ही एकमेकींना फोनचे पासवर्डसुद्धा सांगून ठेवले होते. ती आंघोळीला गेली होती. मी तिचा फोन उघडला आणि एकेक चॅट वाचत सुटले. माझ्या पोस्टचा कुठेच पत्ता नव्हता. पण भावाला तिने लिहिलं होतं, ‘मी मराठी बोलले की सगळ्या हसतात. तीसुद्धा.’ ती म्हणजे मी.

“सापडलं?”

ती दारात उभी होती, केसांतून पाणी गळत होतं. तिने फोन काढून घेतला.

“पासवर्ड दिला होता. वाचायला सांगितलं नव्हतं.”

मी बॅग उचलून बस गाठली.

घरी कळलं, त्या अकरांतल्याच माझ्या चुलत बहिणीने ती पोस्ट काकूला दाखवली होती आणि काकूने आबांना. आबांनी फोन माझ्यापुढे धरला.

“हाई तूच लिखेल शे का?”

नाही म्हणता आलं असतं. खात्यावर नाव नव्हतं.

“हां, मीच.”

“मंग माले काबर नही सांगं?”

“तुम्ही इचारं कोठे?”

माय दाराशी खिळून राहिली. मग आबांनी पाहुण्यांना फोन लावला आणि पोरीची परीक्षा होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्याशी मात्र ते बोलले नाहीत, मी सोमवारी निघाले तेव्हाही नाही.

होस्टेलवर आल्या आल्या मी रूममेटला म्हटलं, “मी हसायचे. चुकलं माझं.”

“आणि फोन?”

“तेही.”

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. महिन्याभरात तिने खोली बदलली. जिन्यात भेटलो की बोलायची, अभ्यासाचं, मेसच्या जेवणाचं. त्यापलीकडचं काही तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही.