साहेबांना प्रचालक व्हायचं होतं

एका रविवारी सकाळी आमचे साहेब माझ्या क्वार्टरवर आले. भोपाळच्या टाउनशिपमध्ये आम्ही इतकी वर्षं राहत होतो, पण ते स्वतः कधी आले नव्हते. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, मोठ्या टाइपच्या क्वार्टरांत. मी कारखान्याच्या तपासणी विभागात इंजिनिअर, ते त्या विभागाचे प्रमुख. काम असलं की मीच त्यांच्या केबिनमध्ये जायचो.

खुर्चीवर टेकत ते म्हणाले, "तुमच्याकडून एक सल्ला हवाय. मला प्रचालक व्हायचंय."

इंटरनेटवर मराठीत एक मुक्त ज्ञानकोश आहे. कुणीही त्यात लेख लिहावा, दुसऱ्याचा दुरुस्त करावा. मी तिथे बरीच वर्षं लिहीत होतो आणि मध्यंतरी प्रचालकही होतो. म्हणजे नको ते लेख काढून टाकायची आणि धुडगूस घालणाऱ्याला बाहेर ठेवायची मुभा माझ्याकडे होती. साहेब माझ्याच सांगण्यावरून तिथे आले आणि मग माझ्यापेक्षा जास्त रमले.

"इंटरव्ह्यू असतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आपलं नाव एका पानावर मांडायचं. बाकीचे सदस्य प्रश्न विचारतात, मग पाठिंबा देतात किंवा विरोध करतात."

"सीनिऑरिटी धरतात?"

"तशी नाही."

"मग वर जायचं कशाच्या जोरावर?"

"साहेब, ते वर जाणं नाही. झाडू आणि किल्ल्या हातात देतात, एवढंच."

"मग लोक होतात कशाला?"

मी का झालो होतो ते मला धड सांगता येईना, आणि का सोडलं तेही. साहेबांची निवृत्ती जवळ आली होती, शेवटची बढती हुकली होती. नेहरू नगरात घर बांधून होत आलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून "कशाला पडता यात" असं म्हणवेना.

शेवटी मी सुचेल ते सांगितलं. 'मी किती योग्य आहे' हे लिहू नका, कुठली कामं पडून आहेत ते लिहा. वाद होईल तिथे शेवटचं वाक्य दुसऱ्याला लिहू द्या. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पण बाफल्यांच्या बाबतीत मी बरोबर होतो."

हा वाद मला माहीत होता. फुलाचं टोपणनाव घेतलेली एक सदस्य माळव्या-ग्वाल्हेरकडच्या पदार्थांवर लिहायची. बाफले, म्हणजे डाळीबरोबर खायचे कणकेचे गोळे, आधी उकडतात, मग भाजतात, असं तिने लिहिलं. साहेबांनी संदर्भ मागितला, म्हणजे हे कुठल्या पुस्तकात आहे ते. डाळीला 'बघार' देतात असं लिहिलं, तर साहेबांनी त्याची 'फोडणी' केली. चर्चापानावर दोघांचं लांबलचक चाललेलं होतं, पण भाषा फार अदबीची. ती लिहायची, "आपण म्हणता ते पटतं, तरी इकडच्या मराठी घरांत बघारच म्हणतात." साहेब माझ्याकडे तिचं कौतुक करायचे. "बाई तयारीची आहे. मागे हटत नाही."

साहेबांनी नाव मांडलं, आणि पहिला पाठिंबा तिचाच आला. "वाद घालतात, पण ऐकूनही घेतात," एवढंच तिने लिहिलं होतं. त्या दिवशी साहेब कँटीनमध्ये स्वतःहून माझ्या टेबलावर येऊन बसले. आणखी काही जणांनीही बरं लिहिलं. मग एका जुन्या सदस्याने शंका काढली. ही दोन खाती एकाच माणसाची तर नाहीत? दोघं नेहमी त्याच पानांवर असतात. एक गप्प झालं की दुसरंही गप्प होतं, आणि पुन्हा एकदमच जागी होतात.

आमच्या टाउनशिपमध्ये वीज जायची त्या वेळा मी नकळत त्याच्याशी ताडून पाहिल्या. जुळत होत्या. स्वतःशीच भांडायचं, मग स्वतःलाच पाठिंबा द्यायचा, हे साहेब करतील असं वाटेना. पण दुसरा अर्थ लागेना.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ते समोरच्या खोलीत संगणकापुढे बसून होते.

"साहेब, एक विचारू?"

"तुम्हीही तेच विचारणार," ते म्हणाले. "माझं एकच खातं आहे. ही बाई कोण, मला माहीत नाही."

वहिनी आतून हात पुसत आल्या. त्या ग्वाल्हेरच्या. त्यांच्या मराठीत हिंदी फार, म्हणून साहेब त्यांना चारचौघांतही टोकायचे. साहेबांच्या खांद्यावरून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"ती मी आहे," त्या म्हणाल्या. "मुलीने टॅबलेट पाठवला ना, तेव्हापासून."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मग तू बाफले आधी उकडतेस?"

"इतकी वर्षं खाताय ना?"

यावर काय करायचं हे दोघांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, नातं उघड सांगून टाका. पण त्याने संशय जाईल की वाढेल, हे मलाही कळत नव्हतं. दोघांनी आपापल्या पानावर लिहिलं. वहिनींनी आपला पाठिंबा खोडला. काही जणांनी विश्वास ठेवला. जुन्या सदस्याने विचारलं की नवरा-बायको आहात आणि तुम्हालाच ठाऊक नव्हतं, हे कसं मानायचं? प्रश्न रास्त होता.

दोन दिवसांनी साहेबांनी अर्ज मागे घेतला. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "यात माझं चुकलं काय, एवढं सांगा." मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "बढतीच्या वेळीही हेच सांगितलं होतं."

पुढे त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला गेलो तेव्हा वहिनी पंगतीत वाढत होत्या. मी हळूच विचारलं, "तुम्ही साहेबांना आधी सांगितलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "घरात मी काही म्हटलं की हे 'बरं' म्हणतात अन् पेपर वाचतात. तिथे कारण सांगतात. लांब लांब लिहितात." मग म्हणाल्या, "सांगून दिलं असतं तर ते बंद झालं असतं ना."

"आणि आता?"

"आता हे माझं काही बदलतच नाहीत. एक शब्दही नाही." त्या पुढच्या पानाकडे वळल्या.

हे चांगलं झालं की वाईट, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. घरी येऊन मी त्यांचा नवा लेख उघडला, पोह्यांवरचा. एका वाक्याला संदर्भ नव्हता. मी तो मागितला, आणि बराच वेळ उत्तराची वाट बघत बसलो.