भांड्यांच्या बाईचे फोटो

बाळाला मी पावणेदोन वर्षं सांभाळलं, त्यातले शेवटचे तीन महिने फुकट. फुकट सांभाळतेय हे मला तिसरा महिना संपल्यावर कळलं. गंगापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये सगळे म्हणायचे, "मावशी, तुम्ही घरच्याच." घरच्यांना कोण पगार देतं? बाळाची आई, म्हणजे ताई, दर महिन्याला "पुढच्या महिन्यात एकदम देते" म्हणायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. इकडे पंचवटीत माझ्या मुलीची नर्सिंगची फी त्याच पैशांवर अडली होती.

चौकीतले हवालदार म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. कामगार कार्यालयातले साहेब सज्जन निघाले. त्यांनी चहा सांगितला आणि घर म्हणजे दुकान किंवा कारखाना नव्हे, हे समजावलं.

"पाळणाघरात असतात तर आम्ही काहीतरी केलं असतं. तुम्ही कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे वकील मोफत देतात."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शहाणी असते तर तीन महिने थांबले नसते, तेव्हा चढले. मोफत ना, असं तिथे तीनदा विचारून घेतलं.

वकीलबाई माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी अर्ज लिहिला आणि पुरावा मागितला. पगार रोख मिळायचा, कागद कसलाच नव्हता. पण वाट्या होत्या. बाळाने खाल्लं की रिकाम्या वाटीचा फोटो ताईंना पाठवायचा, असा नियम होता. खिमटाची, वरणभाताची, नाचणीच्या पेजेची, सगळ्या वाट्या माझ्या मोबाइलमध्ये होत्या. वकीलबाई खूश झाल्या.

तडजोडीसाठी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवलं. मध्ये एक वयस्कर मध्यस्थ होते. ताईंचे मिस्टर शांतपणे म्हणाले, "बाळाला माझी आई सांभाळायची, मनमाडहून येऊन. या भांडी घासायच्या. भांड्यांच्या बाईकडे भांड्यांचेच फोटो असणार ना?"

मला इतका राग आला की मी मोबाइलच मध्यस्थांपुढे सरकवला. मध्यस्थ एकेक वाटी मोठी करून बघत राहिले. ताईंनी मोठी जांभई दिली, डोळे चोळले आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"मावशी, तो दुपारी तुमच्याजवळ कसा झोपायचा हो? दोन महिने झाले, डोळ्याला डोळा नाही."

मिस्टरांनी पंख्याकडे बघितलं. मध्यस्थांनी चष्मा काढला.

"भांडी घासणाऱ्या बाईजवळ?"

पुढे फार वेळ लागला नाही. तीन महिन्यांचा पूर्ण पगार चेकने द्यायचं ठरलं. वकीलबाई माझ्या कानात म्हणाल्या, चेक हातात येईपर्यंत एक शब्द बोलू नका. बरोबरच होतं त्यांचं. मिस्टर अजून पेन शोधत होते.

मी ताईंना सांगून टाकलं. पंखा दोनवर ठेवायचा, डाव्या कुशीवर घ्यायचं आणि कानाची पाळी हळूहळू चोळायची. बाळ माझं काही देणं लागत नव्हतं.