ओठ दिसले पाहिजेत

दादा गेल्याचं मला शाळेतून आलेल्या फोनवर कळलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातच कोसळला, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना होत आला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला तो फार जुना, भरघोस मिशीवाला. घाईत घरात दुसरा धड फोटो कुणाला सापडला नाही. वर्गातल्या मुलांना तो दाखवला तर त्यांनी माना हलवल्या... हे आमचे सर नव्हेत. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्यासाठीच मिशी गेली होती, आणि मिशीपायी दादाचा बाप गेला होता. म्हणजे आमचे बाबा तेव्हा चांगले धडधाकट होते, फक्त दादापुरते गेले होते.

मिरकरवाडा बंदरात आमचे मासेमारीचे दोन ट्रॉलर होते. बाबांच्या मासळीचा लिलाव दादा पुकारायचा. आवाज असा की बर्फाच्या गाड्यांच्या खडखडाटातही लांबच्या बाईला भाव ऐकू जायचा. जाळी शिवणाऱ्या एकाची मुलगी रोज समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत आपलं तोंड हलवायची. तिला अजिबात ऐकू येत नाही हे दादाला फार उशिरा कळलं. बस्, एवढंच. याहून मोठं कारण त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही ते रंगवणार नाही. १९९८ साली, पस्तिशी उलटल्यावर, तो कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला पुण्याला गेला. बाबा म्हणाले, धंद्यात ओरडायचं सोडून आता हा बहिऱ्यांपुढे ओरडणार. धक्क्यावर हा विनोद पुष्कळ दिवस चालला.

पुण्यात शिकवणाऱ्या बाईंनी आल्याआल्याच सांगितलं की मुलं ओठ बघून समजून घेतात, तुमचे ओठ तर झाकलेले आहेत. दादानं मिशी काढली. बाप हयात असताना मिशी काढत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दादालाही ठाऊक होतं. शिमग्याला तो घरी यायला निघाला तेव्हा उन्हासाठी डोक्याला टोपी होती. शेजारच्या काकूंनी त्याला एसटीतून उतरताना पाहिलं, मिशी नाही, टोपीखाली केसही नसणार, म्हणजे काय झालं असणार ते ठरवलं, आणि डोळ्यांना पदर लावूनच त्या आमच्या दारात आल्या. दार बाबांनी उघडलं.

मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. आईला म्हणाले, "तेराव्याचा स्वयंपाक कर. जित्तेपणी मारलान मला." आईनं रडत रडत केला. बाबांनी दादाला पहिल्या पानावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. दादा खाली मान घालून सगळं जेवला. त्यानंतर बाबा त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

दादा इथल्याच कर्णबधिरांच्या शाळेत लागला. संध्याकाळी स्वयंपाकघरात मला समोर बसवून आवाज न काढता बोलायचा आणि मी ओळखायचं, असा त्याचा सराव चाले. मुलांना काय काय अडतं ते त्याला माझ्या चुकांवरून कळायचं. वर्षं गेली. बाबा ओसरीवर, दादा मागच्या दारानं. एकदा दादा मला म्हणाला, "एक शिवी घातलीन तरी चालेल गो मला. कायतरी बोलूदे." बाबांचा मला तेव्हा राग यायचा, अजूनही येतो.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला, एक हात लुळा पडला आणि त्यांची वाचा गेली. आता घरात त्यांच्या कामाचा माणूस एकच होता. दादा शाळा सुटली की यायचा, बाबांचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे करायचा, समोर आरसा धरायचा आणि ओठ हलवून दाखवायचा. त्याला पाहिलं की बाबा चालत्या हातानं पंचा तोंडावर ओढून घ्यायचे. आई तो काढायची, ते पुन्हा ओढायचे. दादा तरीही रोज यायचा.

एका संध्याकाळी बाबांनी आपणहून पंचा खाली केला. दादाकडे रोखून पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता. आई पायाशी बसली होती. तिनं घाईनं विचारलं, "काय म्हणाले रे?"

"पाणी मागतायत," दादा म्हणाला. त्यानं चमच्यानं पाणी घातलं, ते गालावरून उशीवर गेलं. दोन दिवसांनी बाबा गेले. शेवटी लेकाच्या हातचं पाणी मागितलंन, हे आई येईल त्याला सांगायची. त्याच समाधानावर ती उरलेली वर्षं जगली. गेल्या वर्षी तीही गेली, म्हणून आज लिहिता येतंय.

मी दादाच्या मागेच उभी होते. पाणी म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात. बाबांचे ओठ एकदाही मिटले नाहीत. ते उघडे राहिले आणि शेवटी गोल झाले. "चालता हो" म्हणाले ते. दादा चमचा ठेवायला वळला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्याला कळलं, आणि आवाज न काढता तो एवढंच म्हणाला... "बोलले."