संगप्पाचं नाव दगडावर

संगप्पा गेला तेव्हा त्याच्यामागे देगलूरचं बसत चाललेलं किराणा दुकान, बायको गुरम्मा, मुलगा रुद्रेश आणि एक हट्ट एवढंच उरलं. दुकान विकलं. गुरम्मा मुलासोबत नांदेडला राहायला आली. हट्ट काही विकता येत नाही, तोही सामानाबरोबर नांदेडला आला.

हट्ट साधा होता. रेणापूरच्या शिवारात माणिकप्पा नावाच्या मूळपुरुषाची समाधी आहे. त्याच्या वंशातली माणसं तिथंच मातीत ठेवतात आणि गेलेल्यांची नावं शेजारच्या काळ्या दगडावर कोरतात. दर वर्षी पुण्यतिथीला सगळी भावकी जमते. एकेक नाव मोठ्यानं वाचलं जातं. ज्याचं नाव, त्याचा मुलगा उठून 'हाय' म्हणतो आणि दगडावर बेलाचं पान ठेवतो. तेवढ्यापुरता मेलेला माणूस हजर होतो, असं संगप्पा सांगायचा.

त्याचा बाप रझाकारांच्या धामधुमीत बायकोला घेऊन रेणापुरातून निघाला तो देगलूरला येऊन थांबला. मागे राहिलेल्यांनी त्याला मेल्यात जमा केलं, पण दगडावर मात्र घेतलं नाही. संगप्पा दर वर्षी देगलूरहून पुण्यतिथीला जायचा. सगळ्यांच्या मागे, चपला काढतात तिथं बसायचा. खिशात बेलाचं पान असायचं. बापाचं नाव काही यायचं नाही, आणि पान तसंच परत यायचं. गुरम्मा चिडायची. "न बोलावता जेवायला जावं असं जाता दर साली. लाज कशी वाटत न्हाई?" तो हसायचा. "आपल्याच घरी जायला बोलावणं कशाला लागतंय?"

मरताना त्यानं रुद्रेशचा हात धरून एवढंच सांगितलं की माझं नाव त्या दगडावर घाल, आणि माझ्या नावाला तू ऊठ.

आता समाधी सांभाळणाऱ्या भावकीच्या मंडळाचं काय झालं होतं, की समाधीजवळून लातूरचा मोठा रस्ता गेला. जमिनीला भाव आला, तसे माणिकप्पाला वंशजही भराभर फुटायला लागले. मंडळाचे अध्यक्ष मृत्युंजयकाका, लातूरला त्यांची डाळीची मिल. त्यांनी नियमच करून टाकला की ज्याच्याकडे कागद नाही त्यानं डीएनएची तपासणी करून घ्यावी. खऱ्याला काय भीती!

रुद्रेश नांदेडच्या रेल्वे ऑफिसात होता. त्याला हे फार पटलं. त्यानं आईला समजावलं, "अव्वा, बापाच्या अंगातली एक खूण मुलाला जशीच्या तशी येतीय. मूळपुरुषाची अप्पांला आली, अप्पांची मला. मृत्युंजयकाकाकडंबी तीच असणार. दोन्ही जुळल्या की झालं काम!"

गुरम्माच्या हातातलं लाटणं थांबलं.

लग्नानंतर दहा वर्षं तिची कूस उजवली नव्हती. देवधर्म झाले, हैदराबादचे दवाखाने झाले. मग उदगीरच्या धाकट्या बहिणीनं आपलं तिसरं बाळ, जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिच्या ओटीत घातलं. गुरम्मा बाळंतपणालाच माहेरी गेली होती असं देगलूरच्या गल्लीला सांगितलं गेलं. मठाचे अय्यास्वामी आले. बाळाला भस्म लावलं, गळ्यात इष्टलिंग बांधलं, कानात मंत्र सांगितला आणि म्हणाले, "गुरम्मा, लिंग बांधलं. आता याचा मागचा जन्म संपला. आजपासून हा संगप्पाच्या वंशाचा." त्या रात्री संगप्पानं तिचा हात तिच्या गळ्यातल्या लिंगावर ठेवून शपथ घातली, की पोराला हे कधी कळू द्यायचं नाही.

तिनं ती पाळली. पाळावी तरी कशाला लागत होती? ती विसरूनच गेली होती. रुद्रेश चालायचा संगप्पासारखा, भात कालवायचा संगप्पासारखा, रागावला की संगप्पासारखाच कान खाजवायचा. अय्यांचा शब्द तिनं एखाद्या सांत्वनासारखा घेतला नव्हता, खराच मानला होता. लिंग बांधलं की जुनं रक्त गेलं आणि नवं आलं. तीस-पस्तीस वर्षं तिनं हे डोळ्यांनी बघितलं होतं. हसणाऱ्यानं हसावं, पण ज्या श्रद्धेवर तिनं मूल वाढवलं त्या श्रद्धेला ती ऐन वेळी कशी सोडणार? मग तिनं पदराआडच्या लिंगाला हात लावला. अय्यांपेक्षा मशीनला काय जास्त कळणार?

"दे बाबा तपासायला," ती म्हणाली.

महिन्याभरानं मृत्युंजयकाकांचा फोन आला. आवाज गोड होता, म्हणजे बातमी वाईट होती. "रुद्रेश, जुळून नाही राहिलं रे. एक ठिकाणीबी नाही. तुझ्या अप्पांची काहीतरी चूकभूल झाली असंल. मनाला लावून घेऊ नको."

रुद्रेशनं मनाला लावूनच घेतलं. "चूकभूल म्हणं! आयुष्यभर चपलांपाशी बसले ते दुसऱ्याच्या खानदानात घुसायसाठी? अन् मरताना मलाबी त्यातच ढकलून गेले. लोक हसून राहिले आपल्याला, अव्वा."

"असं बोलू नको रे त्यांला."

"मग काय बोलू? खोटं बोलले ना?"

रोज अंघोळ करून आला की संगप्पाच्या फोटोला तीन बोटं भस्म लावायचं, हा रुद्रेशचा नेम होता. दुसऱ्या दिवसापासून तो मोडला. फोटोवरचं जुनं भस्म पंख्याच्या वाऱ्यानं झडत गेलं. गुरम्मा लावू शकली असती, पण मुलाच्या हाताची जागा तिला घ्यावीशी वाटेना. जिवंतपणी ज्याला भावकीनं चपलांपाशी बसवलं, त्याला आता घरच्यानंच उंबऱ्याबाहेर काढलं होतं. नवऱ्याची अब्रू राखावी तर मूल तुटतं, मूल राखावं तर नवरा लबाड ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर. तिला जेवण जाईना.

सोमवारी सकाळी रुद्रेश फोटोकडे न बघता पुढे निघाला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांब. तुझे अप्पा खोटं बोलले न्हाईत. ते माणिकप्पाचेच हायत. तू..." पुढचं तिला म्हणवेना. मग म्हटलं. उदगीर, मावशी, ओटी, अय्यास्वामी, शपथ, सगळं.

रुद्रेश खाली बसला. म्हणाला, "मावशी मला वाटंला लावताना दर खेपंला रडायची. मला वाटायचं, मावश्या रडतच असतेत."

मावशीही केव्हाची गेली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं. तो ऑफिसला गेला, वेळेवर गेला, आणि गुरम्माला त्याचंच जास्त भय वाटलं.

पुण्यतिथीला तो स्वतःहून म्हणाला, "चल रेणापूरला." दोघं चपलांपाशी बसली. नावं वाचून संपली, आणि मृत्युंजयकाका दगडाला नमस्कार करणार तोच रुद्रेश उठला. खिशातून बेलाचं पान काढलं.

"काका, माझे अप्पा संगप्पा तुमच्याच वंशाचे हायत. तपासणी जुळली न्हाई, कारण मी त्यांच्या रक्ताचा न्हाई. मला ओटीत घेतलेलं हाय."

मृत्युंजयकाका वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. "लेकरा, मग त्यांच्या रक्ताचं दुसरं कोण हाय?"

"कोणीच न्हाई."

"मग आम्ही जुळवावं कुणाशी?"

रुद्रेश खाली बसला. पान हातातच राहिलं.

परतताना बसमध्ये गुरम्माला एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. संगप्पाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मला लबाड ठरू दे, पोराला सांगू नको. नावाचा एवढा हट्टी माणूस, पण पोरासाठी त्यानं ते नावही हसत सोडलं असतं. तिनं मात्र त्याचं नाव वाचवायला त्याचं पोरच खर्चून टाकलं, आणि नाव तरी कुठं मिळालं?

सकाळी रुद्रेश अंघोळ करून आला. कित्येक दिवसांनी फोटोसमोर उभा राहिला. तीन बोटं भस्मात बुडवली, हात उचलला, आणि तसाच धरून मागे वळला.

"अव्वा, लावू का?"

या घरात त्यानं आजवर कशालाच विचारलं नव्हतं. ना डब्यातल्या लाडवाला, ना दुकानाच्या गल्ल्याला, ना बापाच्या खांद्यावर बसायला. 'तुझाच बाप हाय रे, इचारतोस काय,' असं तिला ओरडून म्हणायचं होतं. तिनं उठून त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात फोटोवर टेकवला.